डब्लिन १९१६: ईस्टरचा उठाव पायाखालून घालताना

पायवाट (धागाकर्ता)

डब्लिनच्या जनरल पोस्ट ऑफिसच्या दर्शनी खांबांवर गोळ्यांच्या खुणा आहेत. एका खड्ड्यात माझ्या तर्जनीचं पहिलं पेर बरोबर बसतं. नोकरीसाठी इथे आल्यापासून रोज संध्याकाळी बस पकडायला त्याच खांबांसमोरून जात होतो, पण कुणीतरी दाखवेपर्यंत त्या खुणा मला दिसल्या नव्हत्या.

त्या दिवसानंतर ब्रिटिश सत्तेविरुद्ध आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झालेल्या १९१६ च्या उठावावर हाताला लागेल ते वाचलं. तरी तो नीट समजला तो चालल्यावरच. पुस्तकात 'इमारत ताब्यात घेतली', 'माघार घेतली' अशी वाक्यं येतात आणि आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठी मैदानं येतात. प्रत्यक्षात सगळा मामला शेजारपाजारच्या गल्ल्यांमधला आहे. पोस्ट ऑफिस हे उठावकऱ्यांचं मुख्यालय. तिथून निघून शरणागतीच्या घरापर्यंतची माघार म्हणजे भाजी आणायला जावं एवढं अंतर, आणि तेवढ्यात माणसं मेली. हे अंतर पायांना कळावं म्हणून हा धागा. कुणी इकडे येणार असाल तर गाइड न घेता, आपल्या चालीने ही फेरी करा. पाच-सहा किलोमीटर होतात. थांबत, बघत गेलात तर अर्धा दिवस लागतो.

सुरुवात लिफी नदीच्या काठी, लिबर्टी हॉलपाशी करा. आजचा उंच मनोरा १९६० च्या दशकातला आहे, त्यामुळे बघायला जुनं काही नाही. पण जागा तीच. इथे कामगार संघटनेचं कार्यालय होतं आणि कामगार नेता जेम्स कॉनोलीची 'सिटिझन आर्मी' ही सशस्त्र तुकडी इथूनच कवायतीला निघायची. पहिल्या महायुद्धाच्या काळात इमारतीवर भलामोठा फलक होता: आम्ही राजाचेही चाकर नाही, कैसरचेही नाही, आयर्लंडचे आहोत. प्रजासत्ताकाचा जाहीरनामा इथल्याच छापखान्यात ईस्टरच्या रविवारी छापला गेला. छपाईचे खिळे पुरेनात म्हणून अर्धा मजकूर आधी जुळवून छापला, मग तेच खिळे सोडवून उरलेला अर्धा. मूळ प्रत बघायला मिळाली तर 'ई' अक्षराकडे लक्ष द्या, वेगवेगळ्या वळणांची दिसतात. 'आयरिश पुरुषहो आणि आयरिश स्त्रियांनो' अशी सुरुवात आणि खाली सात सह्या. सही करणाऱ्या सातही जणांना पुढच्या तीन आठवड्यांत गोळ्या घातल्या गेल्या.

उठाव खरं तर रविवारीच व्हायचा होता. जर्मनीहून येणारी शस्त्रं पोचली नाहीत, आणि स्वयंसेवक दलाचे प्रमुख ओइन मॅकनील यांनी रविवारच्या वर्तमानपत्रात कवायती रद्द झाल्याची सूचना छापून आणली. देशभर गोंधळ उडाला. त्यामुळे सोमवारी, २४ एप्रिलला, जे आले त्यांना घेऊन निघावं लागलं. त्या दिवशी बँक हॉलिडे होता आणि बरेच ब्रिटिश अधिकारी शहराबाहेर घोड्यांच्या शर्यतींना गेले होते.

लिबर्टी हॉलपासून पोस्ट ऑफिस पाच-सात मिनिटांवर. ती मिनिटं मात्र सावकाश चाला. दुपारी बाराच्या सुमारास ती माणसं याच वाटेने गेली, आणि रस्त्यावरच्या लोकांना वाटलं की नेहमीचीच कवायत आहे. त्या वेळी रस्त्याचं नाव सॅकव्हिल स्ट्रीट होतं, आता ओ'कॉनेल स्ट्रीट. पुलाच्या तोंडाशीच डॅनियल ओ'कॉनेलचा पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्याभोवती पंख असलेल्या कांस्याच्या चार स्त्रिया बसल्या आहेत, त्यांना आरपार गोळ्या लागल्यात. एकीच्या छातीतलं भोक रस्त्यावरूनही दिसतं.

पोस्ट ऑफिसच्या दारासमोर उठावाचा नेता पॅट्रिक पिअर्सने जाहीरनामा वाचला. ऐकणारे थोडे होते आणि त्यांतले बरेच बुचकळ्यात पडलेले. शुक्रवारपर्यंत इमारतीचं छप्पर जळून गेलं. दर्शनी भिंत आणि खांब तेवढे उरले, आतला भाग पुन्हा बांधून १९२९ मध्ये टपालाचं काम सुरू झालं.

इथून लगेच मूर स्ट्रीटकडे, म्हणजे माघारीच्या गल्लीकडे, वळायचा मोह होतो, तो आवरा. आधी नदी ओलांडून दक्षिणेला जा, म्हणजे घटनांचा क्रम राहतो. सिटी हॉल आणि डब्लिन कॅसल पंधरा मिनिटांवर आहेत. कॅसल म्हणजे आयर्लंडमधल्या ब्रिटिश सत्तेची गादी. सोमवारी तिथे पहारा अगदी तुटपुंजा होता, पण हल्ला करणाऱ्यांना ते ठाऊकच नव्हतं. फाटकावरचा निःशस्त्र पोलीस जेम्स ओ'ब्रायन मारला गेला आणि टोळी शेजारच्या सिटी हॉलमध्ये शिरली. त्यांचा कप्तान शॉन कॉनोली अ‍ॅबी थिएटरचा नट होता. तो त्याच दिवशी छपरावर पडला.

पुढे सेंट स्टीफन्स ग्रीन. सिटिझन आर्मीचे मायकेल मॅलिन आणि कॉन्स्टन्स मार्किएविच यांच्या माणसांनी बागेत खंदक खणले. चारी बाजूंनी उंच इमारती असलेल्या बागेत खंदक! मंगळवारी पहाटे शेलबर्न हॉटेलमधून ब्रिटिश सैन्याच्या मशीनगन सुरू झाल्या आणि त्यांना पश्चिमेच्या सर्जन्स कॉलेजात आसरा घ्यावा लागला. कॉलेजच्या दर्शनी भागावर खुणा आहेत. तळ्याकाठी बाकावर बसून हॉटेल आणि कॉलेज दोन्हीकडे एकदा बघा, नकाशा लागत नाही. याच तळ्यातल्या बदकांना दाणा घालता यावा म्हणून दोन्ही बाजू थोडा वेळ गोळीबार थांबवत, आणि बागेचा रखवालदार बाहेर येऊन दाणा घालून जाई.

आता ग्राफ्टन स्ट्रीटने परत, नदी ओलांडून हेन्री स्ट्रीट, आणि मग मूर स्ट्रीट.

इथे घाई करू नका. शुक्रवारी, २८ तारखेला, पोस्ट ऑफिस पेटलं तेव्हा स्वयंसेवक दलातला ओ'राहिली मूठभर माणसं घेऊन रस्ता मोकळा करायला मूर स्ट्रीटमध्ये घुसला. या माणसाचा उठावाला विरोध होता. रद्द झाल्याची सूचना पोचवायला तो रात्रभर मोटार हाकत लिमरिकपर्यंत गेला होता. सोमवारी उठाव होतोच आहे हे कळल्यावर तीच मोटार घेऊन हजर झाला. त्याचं म्हणणं असं की घड्याळाला किल्ली द्यायला मीही हातभार लावलाय, तर ठोके ऐकायला यायलाच हवं. मूर स्ट्रीटच्या वरच्या टोकाशी गोळ्या लागल्या आणि तो बाजूच्या गल्लीत कोसळला. मुलाकडून आलेलं पत्र खिशात होतं, त्याच्याच पाठीवर त्याने बायकोला शेवटचा निरोप लिहिला. त्या गल्लीला आता त्याचं नाव आहे, आणि भिंतीवर तो निरोप त्याच्याच अक्षरात कांस्यात उमटवलाय. मजकूर छोटा आहे. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा शेवटपर्यंत वाचायला वेळ लागला.

बाकीचे लोक घरांच्या आतल्या भिंती फोडत एका घरातून दुसऱ्या घरात सरकत गेले. घोट्याला गोळी लागलेल्या जेम्स कॉनोलीला त्या भोकांमधून उचलून न्यावं लागलं. १६ नंबरच्या घरात शेवटची बैठक झाली. शनिवारी दुपारी एलिझाबेथ ओ'फॅरेल ही नर्स पांढरं निशाण घेऊन एकटी रस्त्यावर आली. शरणागतीच्या आदेशात पहिलंच कारण दिलंय: डब्लिनच्या नागरिकांची आणखी कत्तल होऊ नये म्हणून. पिअर्स शरण जातानाच्या प्रसिद्ध छायाचित्रात ती त्याच्या पलीकडे उभी आहे. तिची फक्त पावलं दिसतात.

शेवट पार्नेल चौकातल्या गार्डन ऑफ रिमेंब्रन्समध्ये करा, अगदी जवळ आहे. क्रुसाच्या आकाराचा उथळ हौद आणि तळाशी मोडलेल्या शस्त्रांची मोझेक चित्रं. लढाई संपली की शस्त्रं पाण्यात टाकायची जुनी केल्टिक रीत होती, ती आठवण. पाय दुखत असतील, तिथे बसा.

मोगरी

वाचता वाचता दोनदा नकाशा उघडला. आम्ही मे महिन्यात येतोय, सोबत नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई चालतात, पण दर अर्ध्या तासाला टेकायला लागतं. एका दिवसात जमेल का? किल्मेनहॅमचा तुरुंग तुम्ही वगळलात की विसरलात?

पायवाट

विसरलो नाही. उठावाच्या नेत्यांना जिथे गोळ्या घातल्या ते किल्मेनहॅम पश्चिमेला लांब आहे आणि त्याला स्वतंत्र दिवस द्यावा असं माझं मत आहे. आत फक्त त्यांच्या मार्गदर्शकासोबत सोडतात आणि तिकिटं ऑनलाइन आधीच संपतात. विमानाचं ठरलं की लगेच बघून ठेवा. सासूबाईंसाठी फेरीचे दोन तुकडे करा. सकाळी लिबर्टी हॉल ते स्टीफन्स ग्रीन, बागेत भरपूर बाकं आहेत. तिथून ट्रामने ओ'कॉनेल स्ट्रीटला परत या आणि दुपारी मूर स्ट्रीट. कॅसलच्या आवारात जुनी फरशी आहे, तिथे मात्र त्यांचा हात धरा.

जुनी_वही

लेख आवडला, पण एक भांडण आहे. तुमचा उठाव सोमवारी दुपारी बारा वाजता सुरू होतो. मी एकवीस वर्षं या शहरात आहे आणि माझ्या मते तो त्याच्या किती तरी आधी सुरू झाला.

पोस्ट ऑफिसपासून दोन पावलांवर कामगार नेता जिम लार्किनचा पुतळा आहे, दोन्ही हात वर उचललेला. लोक त्याच्याखाली उभं राहून एकमेकांची वाट बघतात. १९१३ मध्ये संघटना सोडायला नकार देणाऱ्या हजारो कामगारांना मालकांनी कामावरून बाहेर ठेवलं. त्या ३१ ऑगस्टला याच रस्त्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. कामगारांचं संरक्षण करायला म्हणून सिटिझन आर्मी उभी राहिली. ती नसती तर तुमच्या फेरीतला कॉनोली लिबर्टी हॉलमधून निघाला नसता.

दुसरं, ही माणसं राहत कुठे होती तेही बघा. गार्डन ऑफ रिमेंब्रन्सपासून दहा मिनिटांवर हेन्रिएटा स्ट्रीट आहे. एके काळी उमरावांची गल्ली, पुढे भाड्याच्या खोल्यांची झाली. १४ नंबरच्या घराचं आता संग्रहालय आहे. १९११ च्या जनगणनेत त्या एका घरात सतरा कुटुंबं मिळून शंभर माणसं नोंदलेली आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. शंभर माणसांनी रोज वर-खाली करताना धरलेला कठडा. त्या घराशिवाय पोस्ट ऑफिसचे खांब अर्धेच कळतात.

पायवाट

मान्य. हेन्रिएटा स्ट्रीट फेरीत हवीच होती. बागेत बसून विश्रांती घेतली की तिकडे जायचं, असं मी आता लोकांना सांगेन. लार्किनबद्दल एका ओळीचंही लिहिलं नाही, ती माझी चूक.

रानवाट

मला आणखी एक गोष्ट टोचली, आणि राग मानू नका. तुमच्या लेखात बंदूक हातात असलेली माणसं आहेत, एक पोलीस आहे, एक नर्स आहे. बाकीचं शहर कुठे आहे? त्या आठवड्यात साडेचारशेहून अधिक माणसं मेली आणि त्यांत निम्म्याहून जास्त साधे नागरिक होते. लहान मुलं होती. सॅकव्हिल स्ट्रीटवरची मिठाईची आणि खेळण्यांची दुकानं फुटली तेव्हा पहिली धावली ती वस्तीतली पोरं. ज्यांनी आयुष्यात चॉकलेट चाखलं नव्हतं ती पोरं गोळीबारात उभी राहून खात होती.

फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन हा शांततावादी माणूस लूटमार थांबवायला लोकांची फळी उभारत फिरत होता. त्याला पकडून पोर्टोबेलो बराकीत नेलं आणि बुधवारी सकाळी एका कप्तानाच्या हुकुमाने चौकशीशिवाय गोळ्या घातल्या. मूर स्ट्रीटवर शरणागतीची बोलणी चालू होत आली त्याच सुमारास पश्चिमेला नॉर्थ किंग स्ट्रीटवर सैनिकांनी घराघरांत शिरून पुरुषांना मारलं, पंधराएक जण. ते उठावात नव्हते. मूर स्ट्रीटपासून ती गल्ली पंधरा मिनिटांवर आहे आणि पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. तुम्ही अंतराबद्दल लिहिलंत म्हणून हेही अंतर सांगतेय.

पायवाट

राग नाही. काल संध्याकाळी तुमचा प्रतिसाद वाचून नॉर्थ किंग स्ट्रीटला चालत गेलो. मूर स्ट्रीटपासून खरंच पंधरा मिनिटं. साधा रस्ता, दुकानं, वर घरं. शरणागतीच्या आदेशातल्या 'नागरिकांची कत्तल' या शब्दांना मी आजवर एक छापील वाक्य समजत होतो. आता फेरी सांगताना मूर स्ट्रीटनंतर आधी तिकडे नेईन, मग बागेत.

आगबोट

फेरीला आपल्याकडचाही धागा जुळतो. व्ही. व्ही. गिरी १९१३ ते १९१६ डब्लिनमध्ये कायदा शिकत होते. उठावानंतर त्यांना देश सोडायचा आदेश मिळाला. पुढे कामगार चळवळीतून राष्ट्रपतिपदापर्यंत गेले. आणि डब्लिन पेटलं होतं त्याच एप्रिलच्या अखेरीस इकडे बेळगावात लोकमान्य टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. योगायोग बघा.

जुनी_वही

योगायोगच म्हणा, त्यापुढे नका जाऊ. बेळगावच्या मंडळींना डब्लिनच्या बातमीवरून काही सुचलं असं नाही, लीगची तयारी आधीपासून होती. पण 'होमरूल' (साम्राज्यात राहूनच स्वराज्य) हा शब्द मात्र आयर्लंडच्या मागणीतूनच आला. आणि गंमत अशी की १९१६ च्या उठावकऱ्यांना नेमकं तेच अपुरं वाटत होतं. थेट दुवा हवा असेल तर चितगाव घ्या. सूर्य सेन यांच्या साथीदारांनी १८ एप्रिल १९३० ला शस्त्रागारावर छापा घातला, तो दिवस गुड फ्रायडे होता आणि डब्लिनचा ईस्टर त्यांच्या डोळ्यांपुढे होता. संघटनेचं नावही त्यांनी इंडियन रिपब्लिकन आर्मी ठेवलं.

उलट बाजूचाही एक दुवा आहे. १९२० मध्ये जालंधर आणि सोलनला कॉनॉट रेंजर्स या पलटणीतल्या आयरिश सैनिकांनी आपल्या देशातल्या अत्याचारांचा निषेध म्हणून बंदुका खाली ठेवल्या. जेम्स डेली याला २ नोव्हेंबरला दगशाईला गोळ्या घातल्या. पन्नास वर्षांनी, १९७० मध्ये, त्याचे अवशेष मायदेशी आणले. डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत त्या सैनिकांचं स्मारक आहे. मी दर नोव्हेंबरात जाते.

पत्रपेटी

नदीकाठाने पश्चिमेला चालत गेलात तर फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीचा हिरवा घुमट दिसेल. तिथे १९१६ मध्येही लढाई झाली, पण मला त्या जागेचं दुःख आहे ते १९२२ चं. ब्रिटिशांशी तह झाला आणि कालचे सोबती एकमेकांवर उठले. तहाच्या विरोधकांनी फोर कोर्ट्स ताब्यात घेतलं होतं, २८ जूनला नव्या सरकारच्या तोफा सुरू झाल्या आणि ३० तारखेला स्फोटात शेजारचं सरकारी दफ्तरखाना खाक झालं. तेराव्या शतकापासूनचे कागद. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे जवळपास सगळे तक्ते तिथेच गेले. जळके कागद वाऱ्यावर उडत शहरभर पडले.

मी जुन्या दप्तरांचं काम करते, म्हणून हे जास्त लागतं. एखादं कुटुंब आपल्या पणजोबांच्या आधीचं नाव शोधायला येतं आणि वाट एका तारखेपाशी बंद होते. २०२२ पासून इतर देशांतल्या नकला जमवून त्या दफ्तरखान्याचा संगणकावरचा अवतार उभा केलाय, त्यातून थोडं थोडं हाती येतंय. फेरीत फोर कोर्ट्सच्या समोरच्या काठावर पाच मिनिटं थांबा एवढंच सांगायचंय.

रानवाट

पत्रपेटी, यावर स्वतंत्र लिहा ना. नक्की वाचू.

मोगरी

आम्ही जाऊन आलो. सांगितलंत तसे दोन तुकडे केले, तिसऱ्या दिवशी किल्मेनहॅम.

मुलाने ओ'कॉनेलच्या पुतळ्याभोवती तीन चकरा मारल्या आणि भोकं मोजली. मग विचारलं, या गोळ्या कुणाच्या? आपल्या बाजूच्या की त्यांच्या? मी म्हटलं, कुणाच्याही असतील. त्याला ते पटलं नाही. स्टीफन्स ग्रीनच्या तळ्यावर सासूबाईंनी बदकांची गोष्ट त्याला दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा स्वतःहून.

हेन्रिएटा स्ट्रीटला जिन्याचा कठडा मीही धरला, जुनी_वही. धन्यवाद.

किल्मेनहॅममध्ये ते प्रार्थनाघर दाखवतात जिथे जाहीरनाम्यावर सही करणारा जोसेफ प्लंकेट आणि ग्रेस गिफर्ड यांचं लग्न लागलं, आणि काही तासांनी पहाटे त्याला गोळ्या घातल्या. मार्गदर्शक मुलगी सांगत होती, मी हळू आवाजात सासूबाईंना मराठीत सांगत होते. त्या काही बोलल्या नाहीत. दगड फोडण्याच्या अंगणात दोन क्रूस आहेत, एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला एक. दुसरा कॉनोलीसाठी. जखमी होता, उभं राहता येत नव्हतं, म्हणून रुग्णवाहिकेतून आणून खुर्चीला बांधलं. अंगणाच्या आतपर्यंत न्यावं लागू नये म्हणून फाटकाजवळच. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "खुर्ची कुणी आणली असेल?"

मूर स्ट्रीट मात्र आम्हाला दोनदा करावी लागली. पहिल्यांदा पोचलो तेव्हा फळांच्या आणि मासळीच्या गाड्यांच्या गर्दीत १६ नंबर सापडेना. एका गाडीवरच्या बाईंना विचारलं, त्यांनी हातातलं सफरचंद खाली न ठेवताच वर बोट दाखवलं. दारं बंद होती, खिडक्याही. मुलगा म्हणाला, आपण ते आले तसं येऊ. परत हेन्री स्ट्रीटला गेलो, पोस्ट ऑफिसच्या बाजूच्या दारापासून निघालो आणि त्याने मोठ्याने पावलं मोजली. हेन्री प्लेसच्या वळणावर एकदा चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून. १६ नंबरशी आला तेव्हा आकडा होता दोनशे ब्याण्णव. माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढंच?"